‘खोली ८१’ : कामाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

डिझाइनच्या फायलीत काय ठरलं ते असतं. का ठरलं आणि कोणाशी वाद घालून ठरलं, ते कुठेच राहत नाही. म्हणून ही वेगळी वही. ‘खोली ८१’ हा भीतीचा कम्प्युटर गेम आम्ही चौघं करतोय: कोडवाला, आवाजवाला, चित्रकार आणि मी. माझ्याकडे गोष्ट, लेव्हल आणि कोणी अंगाला लावून घेत नाही अशी उरलेली सगळी कामं. दिवसा सगळ्यांच्या नोकऱ्या, त्यामुळे गेम रात्री आणि रविवारी.

गोष्ट थोडक्यात अशी. २०९०च्या आसपासची मुंबई. पुनर्विकास सुरूच आहे. तो कधी संपेल असं कोणी विचारतही नाही. मध्य मुंबईत टॉवरांच्या बेचक्यात एक जुनी चाळ उरली आहे. तिलाच संक्रमण शिबिर करून टाकलंय आणि तात्पुरते म्हणून आलेल्यांची तिसरी पिढी तिथे नांदते आहे. रेशनकार्ड, वीजबिल, भाडेपावती, सगळं हुबेहूब बनवता येतं, म्हणून सरकारने कागद मानणं सोडून दिलंय. ग्राह्य पुरावा एकच, आठवण. आपला नायक पात्रता तपासनीस आहे. रहिवाशाच्या मानेमागे तार जोडायची, त्याच्या आठवणीत उतरायचं, हा माणूस त्या खोलीत खरंच राहिला का ते बघायचं आणि शेरा मारायचा: पात्र किंवा अपात्र. इमारतीत खोल्या ऐंशी. आठवणींत एक्क्याऐंशीवी निघते.

खूनही आहे, पण तो नंतर. मुंबईत ज्याने पुनर्विकासाची एक तरी मीटिंग शेवटपर्यंत बसून ऐकली आहे, त्याला ‘अपात्र’ हा शिक्का कुठल्याही भुतापेक्षा जास्त धसका देतो. आमचं भांडवल ते.

१५ जून, रविवार

‘ऑब्झर्व्हर’ सलग खेळून काढला, या वेळी वही घेऊन. पोलंडमधल्या क्राकोच्याच ब्लूबर टीमने २०१७मध्ये काढलेला गेम. २०८४ सालचं क्राको, नॅनोफेज नावाची साथ येऊन गेलेली, देशाच्या मानगुटीवर कायरॉन नावाची कंपनी, आणि लोकांच्या मेंदूत शिरून चौकशी करणारा डॅनियल लाझार्स्की. त्याला आवाज अभिनेते रुटगर हाउअर यांचा. थकलेला, जड, वाक्य संपवायचाही कंटाळा आल्यासारखा. त्या आवाजामुळे अर्धा गेम उभा राहतो असं माझं मत आहे. आवाजवाल्याला ते पटत नाही, तो म्हणतो आवाजापेक्षा त्याच्या मागची घरघर बघ.

मला जे घ्यायचंय ते वेगळंच आहे. इमारतीला टाळेबंदी लागते आणि खालपासून वरपर्यंत दारं बंद होतात. चौकशी होते ती दाराला लावलेल्या यंत्रातून. कोणाचा डोळा दिसतो, कोणाचा अर्धा चेहरा, बऱ्याच जणांचा नुसता आवाज. इमारत माणसांनी गच्च भरलेली आणि जिन्यावर तुम्ही एकटे. मेंदूत उतरल्यावर जो गोंधळ आणि लखलखाट चालतो, त्यापेक्षा हे दारांपुढे उभं राहणं मला जास्त बाधलं.

लाझार्स्कीला दोन नजरा दिल्या आहेत, एक यंत्रं उजळवणारी आणि दुसरी रक्तमांस उजळवणारी. तपास म्हणून पाहिलं तर प्रकार सोपा आहे, उजळलेलं दिसेल तिथे जा आणि बटण दाबा. भीतीच्या दृष्टीने मात्र फार हुशारीचा, कारण कुठलीही नजर लावा, काहीतरी सुटतंच.

आता आमची अडचण. चाळीत दार बंद नसतं. दिवसभर उघडं, वर पडदा. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात कसली पिशवी, सगळ्यांना माहीत. नवा माणूस जिन्यावर दिसला की तळमजल्यावरच ‘कोण पायजे?’ क्राकोतलं एकटेपण उचलून इथे आणून ठेवलं तर चाळीत वाढलेला माणूस पाचव्या मिनिटाला गेम बंद करेल. कोडवाला म्हणाला, मग चाळ रिकामी दाखवू, मॉडेलंही कमी लागतील. मी म्हटलं, ती पडकी इमारत होईल, चाळ नाही. आजूबाजूला माणसं असताना भीती वाटली पाहिजे. कशी, ते मलाही सांगता आलं नाही.

२४ जून, मंगळवार

चाळ कुठल्या पद्धतीची यावर रात्री उशिरापर्यंत.

चित्रकाराला गिरगावची हवी. लाकडी, मध्ये चौक, भोवती उघडी गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे. पोस्टरवर शोभेल यात शंका नाही. पण चौकात उभं राहिलं की सगळे मजले एकदम दिसतात, म्हणजे गेम चालवणाऱ्या एंजिनला सगळ्या खोल्या एकाच वेळी पडद्यावर काढाव्या लागतात. आम्हाला हा गेम साध्या लॅपटॉपवर चालवायचाय, ज्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही अशा.

मला बीडीडीची हवी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात उभ्या राहिलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, संडास सामाईक. उजेड येतो तो टोकांकडून आणि जिन्याकडून. मध्ये भर दुपारीही ट्यूब. या इमारती आधी कैद्यांसाठी होत्या असं तिथली म्हातारी माणसं सांगतात, आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं की ऐकणारा वाद घालत नाही.

कोडवाला लगेच माझ्या बाजूने. सरळ कॉरिडॉर म्हणजे भिंतीआडच्या सगळ्या गोष्टी न काढता वगळता येतात. २०१४मध्ये कोनामीने सोडलेला आणि पुढच्याच वर्षी दुकानातून काढून घेतलेला ‘पी. टी.’ हा छोटा गेम घराच्या एकाच वळणाच्या कॉरिडॉरवर चालला होता. तेच ते दार पुन्हा उघडतं, तोच कॉरिडॉर पुन्हा येतो, आणि काहीतरी एक बदललेलं असतं. आमच्याकडे तर असे चार मजले आहेत, वरपासून खालपर्यंत एकसारखे.

चित्रकार गप्प बसली. नंतर कळलं की तिची आई लग्नानंतर कैक वर्षं नायगावच्या बीडीडीत राहिली आहे आणि हिने हे कधी सांगितलं नव्हतं. तिला हा विषय घरचा वाटतो, गेमचा नाही.

६ जुलै, रविवार

निऑन नाही. यावर चित्रकाराचं आणि माझं एकमत झालं, ही घटना नोंदवण्यासारखी आहे.

सायबरपंक, म्हणजे यंत्रांनी वेढलेल्या बकाल भविष्याच्या गोष्टी, म्हटलं की जांभळा पाऊस आणि गुलाबी पाट्या. आपल्याकडे जुलैत परळच्या पुलावरून खाली बघा: निळी ताडपत्री, बांधकामाची हिरवी जाळी, क्रेनच्या टोकाला लाल दिवा, बाकी सगळं राखाडी आणि शेवाळलेलं. हाच आमचा रंगसंच. चाळीसमोरच्या टॉवरला हिरवी जाळी लावलेली आहे आणि त्या जाळीवर प्रकाश पाडून पूर्ण झालेला टॉवर दाखवतात, बाल्कनीत चहा पिणारी माणसं वगैरे. टॉवर आत कितव्या मजल्यावर थांबलाय ते कोणाला माहीत नाही. चाळीच्या खिडक्यांमधून रात्रंदिवस तोच हिरवा उजेड आत येतो आणि दर काही मिनिटांनी चहा पिणारा माणूस भिंतीवरून सरकत जातो.

एवढं ठरल्यावर लाइटमॅप बेक करता आले, म्हणजे उजेड-सावल्या आधीच मोजून भिंतींवर चिकटवून ठेवता आल्या. बाहेरचा उजेड स्थिर, फक्त सरकणारा माणूस आणि जिन्याजवळची एक ट्यूब असे दोनच दिवे प्रत्यक्ष चालू ठेवायचे.

१३ जुलै, रविवार

पडदे. मजल्यावर वीस दारं म्हणजे वीस पडदे, आणि पडदा हा आमच्या गेममधला खरा दरवाजा आहे.

गोडॉटमध्ये, म्हणजे आमच्या गेमच्या एंजिनमध्ये, मऊ कापडाची व्यवस्था आहे, पण वीस पडदे तसे टांगले की लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो. कोडवाल्याने सगळं शेडरमध्ये, म्हणजे चित्र काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, हलवलं: वरची कड खिळलेली, खाली जावं तशी लाट मोठी, आणि खेळाडू जवळून गेला की त्याच्या अंतरानुसार कापड आत ढकललं जातं. खऱ्या कापडाचा एक गुण मात्र यात येईना. माणूस गेल्यावर पडदा लगेच थांबत नाही, मागाहून एक हेलकावा घेतो. त्याने प्रत्येक पडद्यासाठी एक छोटा आकडा साठवला, जो हळूहळू उतरतो. आता कॉरिडॉरमधून चालत गेलात आणि मागे वळलात तर पडदे अजून हलत असतात. तुमच्यामुळेच हलत असतात. तरी खात्री वाटत नाही.

इथूनच तपासाची पद्धत निघाली. लाझार्स्कीला नजरा आहेत, आमच्या तपासनिसाला कान. चाळीत डोकावणं वाईट दिसतं, पण कानावर पडलं तर त्याला कोणाचा इलाज नाही. पडद्याशी थांबायचं, बटण दाबून धरायचं, बाकी आवाज खाली जातात आणि आतला वर येतो. कापड फक्त तीक्ष्ण भाग खातं, म्हणून बोलणं कळतं पण भांड्यांची खणखण बोथट होते. भिंतीपलीकडून उलट, शब्द जातात आणि नुसता सूर उरतो. कोणीतरी रागावलंय एवढंच कळतं, कोणावर ते नाही. गोडॉटमध्ये आवाज अंतराने बोथट होतो, मध्ये काय आड आहे ते त्याला आपोआप कळत नाही. ते कोडवाल्याने किरण सोडून मोजण्याची सोय करून दिली. मधे पडदा, भिंत की दोन्ही, त्यावरून गाळणी ठरते.

जास्त वेळ उभं राहिलात की आतून आवाज येतो, ‘बाहेर कोणे?’

२७ जुलै, रविवार

नोंदवहीचं, म्हणजे गेममधल्या नोंदवहीचं, कोडं आज सुटलं.

तपासाच्या गेममध्ये सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे अंदाजपंचे. खेळाडू पर्याय फिरवत बसतो आणि कधीतरी बरोबर येतो. लुकास पोप यांनी २०१८च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये यावर फार साधा तोडगा काढला: एकेक उत्तर बरोबर की चूक ते सांगायचंच नाही, जहाजावरच्या तीन जणांचं नाव आणि नशीब बरोबर भरलं की मगच तिघांवर शिक्कामोर्तब. तीन एकदम फिरवून बरोबर आणणं कोणाला परवडत नाही, त्यामुळे माणूस विचार करायला लागतो.

आम्हीही तीनच घेतले, पण ते चाळीतून आले. एखाद्या खोलीत कोण राहत होतं हे ठरवायचं तर डावीकडचं बिऱ्हाड, उजवीकडचं बिऱ्हाड आणि समोरचं बिऱ्हाड. तिघांच्या आठवणी जुळल्या की शेरा पक्का. चाळीत कोणाचंही सगळं या तीन घरांना माहीत असतंच, लग्नापासून उधारीपर्यंत. पंचनाम्याला पंच लागतात तसं.

मेख अशी की तिघांचं एकमत झालं म्हणजे ते खरं झालं असं नाही. पण नोंदवहीला तेवढंच कळतं. तिसऱ्या मजल्यावर एका रात्री तीन शेजारी जुळतात आणि नोंदवही आपणहून नवी ओळ उघडते: खोली ८१, रहिवासी एक, मुलगा, वय वर्षं नऊ, पात्र. नाव तपासनिसाचं.

आवाजवाल्याने या ठिकाणी जोरात काहीतरी वाजवू म्हटलं. नाही. शिक्का पडल्याचा नेहमीचा आवाज, तोच, तेवढ्याच पातळीवर.

३ ऑगस्ट, रविवार

८१ आणायची कुठे? मजल्यावर दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. आठवणीतल्या तिसऱ्या मजल्यावर एका बाजूला अकरा. कॉरिडॉरची लांबी मी बदलली नाही. त्याच लांबीत अकरा दारं बसवली. प्रत्येक दोन दारांमधलं अंतर अकराव्या हिश्श्याने कमी झालं, डोळ्याला कळणार नाही एवढं. पण दुसरी बाजू दहाचीच आहे. म्हणजे जिन्यापाशी दारं समोरासमोर, आणि आत जावं तशी ती एकमेकांपासून सरकत जातात. मध्यावर पोचेपर्यंत एका बाजूच्या दारासमोर दुसऱ्या बाजूची भिंत येते. पुढे गेलात की हळूहळू पुन्हा जुळतात.

चौघांनी आपापल्या लॅपटॉपवर चालून पाहिलं. अंगावर काहीतरी येतं, काय ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कोडवाला म्हणाला, तुला माहीत आहे म्हणून तुला जाणवतंय. असेल. बाहेरच्या माणसाला खेळवल्याशिवाय यावर बोलण्यात अर्थ नाही.

१० ऑगस्ट, रविवार

संवाद. तपासनीस पहिल्या दिवशी येतो तेव्हा सगळे ‘साहेब, या, बसा, चहा घ्या’. अधिकारी माणूस, हातात आपलं घर. दुसऱ्या मजल्यावर एक मालवणी म्हातारी विचारते, ‘खंय होतंस रे इतके दिवस?’ खेळाडूला वाटतं म्हातारीला भ्रम झालाय. मग शेजारच्या खोलीतला याच्याच वयाचा माणूस खांद्यावर हात टाकून म्हणतो, ‘काय रे, ओळख देत नाहीस.’ मग कोणीतरी ताट वाढून ठेवलेलं असतं. कोणी दटावत नाही, अंगावर धावून येत नाही. सगळे मायेने वागतात आणि त्या मायेतून सुटायला वाट नाही.

आठवणीत शिरून माणसं तपासायला आलेला माणूस, आणि इमारतीला त्याची आठवण आहे. क्राकोतल्या बंद दारांना आमचं उत्तर हे. आमच्याकडे भीती अनोळखी लोकांची नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी, पण काम फारसं नाही. वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना काल नव्या इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५००. चित्रकाराच्या घरी दिवसभर तोच विषय. तिच्या आईने बातमीतला नवा फ्लॅट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, समोर कोण आलंय?

एक विचित्र योग: ‘ऑब्झर्व्हर’ही १५ ऑगस्टलाच आला होता, आठ वर्षांपूर्वी.

चित्रकाराने एक मुद्दा काढला तो इथे लिहून ठेवते, कारण तो बरोबर आहे. चाळ म्हणजे माया आणि टॉवर म्हणजे राक्षस असं आपण दाखवायला लागलो तर तिथे संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका हसतील. गेममधल्या रहिवाशांना घर हवंय, दार लावून घेता येईल असं घर. सगळ्यांनाच हवंय. दुसऱ्या मजल्यावरचे दोन संवाद त्यासाठी बदलले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल-आज पावसाने शहर बंद. कामावर कोणीच गेलं नाही, त्यामुळे आवाजवाल्याला पर्वणी. गणपती जवळ आले की ढोल-ताशांच्या सरावात शांत रात्र मिळायची नाही, म्हणून त्याने दोन रात्रींत पाऊस रेकॉर्ड करून घेतला: ताडपत्रीवरचा, पत्र्यावरचा, ड्रेनेजच्या पाइपातून उतरणारा. ताडपत्रीवरचा सगळ्यात उपयोगी. त्यात माणसं कुजबुजल्यासारखी वाटतात, काही न मिसळता.

जिन्याजवळच्या ट्यूबवर मात्र आम्ही दोघं फार वेळ बसलो. गेममध्ये आणि सिनेमात मरत आलेली ट्यूब सगळीकडे एकसारखीच फडफडते. खरी तशी मरत नाही. आधी तिची दोन्ही टोकं काळी पडतात. मग टोकाशी फक्त तांबूस उजेड राहतो, मधली नळी काळोखी. स्टार्टर टिक, टिक करतो, मध्येच सगळी नळी पेटते, एखादं मिनिट नीट चालते, आणि पुन्हा टोकांवर येते. चोकची घरघर अखंड चालू असते, उजेड असो नसो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघर १०० हर्ट्झवर बसते आणि उजेडही सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला न दिसता. त्याने ट्यूबची जुनी पट्टी आणून घरातच टांगली, चोकला मायक्रोफोन चिकटवून रेकॉर्ड केलं. मग त्या आवाजाला त्याने कॉरिडॉरचा पाया केला. आठवणीत उतरलात की घरघर तशीच राहते, पण एका बारीकशा पट्टीने खाली जाते. बाकी संगीत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

प्लेटेस्ट. ओळखीतले काही जण आणि चित्रकाराची आई.

तरुण मंडळींनी अपेक्षेप्रमाणे खेळलं. ठाण्याचा एक जण पडद्यांना घाबरला, एक जण अजिबात नाही. सरकलेल्या दारांबद्दल कोणी काही बोललं नाही. एकाने फक्त हेडफोन काढून विचारलं, चक्कर येतेय, फ्रेम रेट कमी आहे का? नव्हता.

मग काकी. त्यांना की-बोर्ड जमेना, म्हणून लेक चालवत होती आणि त्या शेजारी बसून सांगत होत्या, डावीकडे घे, थांब, आत बघू. आठवणीतल्या तिसऱ्या मजल्यावर निम्म्यात पोचल्या आणि म्हणाल्या, ‘हे दार इथं का? आमच्या उंबऱ्यावरनं समोरच्यांचा देव्हारा सरळ दिसायचा. इथं भिंत कुठनं आली?’ कोडवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

भुताची म्हणून जी जागा आम्ही बांधली होती, मोरीशी पाठमोरं उभं असलेलं कोणीतरी, तिथून त्या सरळ पुढे गेल्या. ‘असंल कोणतरी.’

आणि मग पहाटेचा प्रसंग आला. त्याला आम्ही महत्त्वच दिलं नव्हतं. तपासनीस पाच वाजता कॉरिडॉरमधून जातो, खाली जिना उतरतो, एवढंच. लोक झोपलेत असं गृहीत धरून मी माणसं ठेवली नव्हती. आवाजवाल्याने मागे कुठेतरी नळाचं पाणी टाकलं होतं, वातावरणनिर्मिती म्हणून. काकींनी लेकीचा हात धरला.

‘अगं, पाणी आलंय ना? आवाज येतोय.’

‘हो.’

‘मग माणसं कुठायत?’

‘झोपलीत गं.’

‘पाणी आलंय आणि झोपलीत? एक बाई नाही बाहेर? एक बालदी नाही?’ त्या मागे सरकून बसल्या. ‘बंद कर. नाही चांगलं ते.’

संपूर्ण दुपारभरात कोणी गेम बंद करायला सांगितलं तो हा एकच प्रसंग. मग काकी चहा करायला उठल्या आणि चाळीत पाण्याच्या वेळेला कोण कुठे उभं असायचं ते ओट्यापाशी उभं राहून सांगत राहिल्या. मी लिहून घेतलं. पहिल्या नंबराला कोण, कोणाच्या पिंपाला कोणी हात लावायचा नाही, कोणाचा नवरा रात्रपाळीहून त्याच वेळी यायचा आणि सगळ्या बाजूला सरायच्या.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज सगळे दुपारी उठले. तरी बैठक झाली, कारण पुढचं सगळं काकींच्या त्या वाक्यावर अवलंबून आहे.

जूनपासून मी विचारत होते की भरलेल्या चाळीत भीती कुठून आणायची. उत्तर वेळापत्रकात होतं. चाळीला रोजचा क्रम आहे: पाणी, मग डबे, मग शाळेची मुलं, दुपारी धान्य निवडणाऱ्या बायका, संध्याकाळी दारात पत्ते, रात्री कॉरिडॉरमध्ये अंथरुणं. खेळाडूला हा क्रम आधी पाठ करून द्यायचा. पहिले तीन दिवस गेममध्ये काही म्हणजे काहीच विचित्र घडत नाही, फक्त चाळ चालते, आणि खेळाडूने नोंदवही भरायची. काकींनी सांगितलेली पाण्याची रांग जशीच्या तशी, माणसामागे माणूस. चौथ्या पहाटे पाणी येतं. रांगेतल्या बालद्या जागच्या जागी आहेत, ओळीने, भरून वाहतायत. बायका नाहीत.

कोडवाल्याची तक्रार रास्त आहे: तीन दिवस काही घडत नाही म्हटल्यावर लोक गेम परत करतील. त्यावर तोडगा म्हणून तपासाची कोडी त्या तीन दिवसांत पुढे आणतोय. रांगेतल्या क्रमावरूनच कोण कुठल्या खोलीचं ते ओळखायचं. म्हणजे रांग नीट बघितल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही, आणि नीट बघितलेली असेल तरच ती रिकामी झालेली लागेल.

मोरीपाशी उभं असलेलं भूत काढून टाकलं. चित्रकाराने त्यावर बरंच काम केलं होतं, तिला वाईट वाटलं. आईनेच काढलं म्हटल्यावर हसली.

१४ सप्टेंबर, रविवार

किरकोळ, पण जीव खाणारं. गोडॉटच्या नव्या आवृत्त्यांत जोडाक्षरं नीट जुळतात. तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी म्हणजे हाल होते. तरी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत होते. मजकुराची भाषा मराठी आहे असं एंजिनला सांगावं लागतं आणि फॉण्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं असावी लागतात, दोन्ही झालं की मग आपला देठाचा श मिळतो. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’मधला अर्धा र एका जुन्या फायलीत तुटून दिसत होता, तो टायपिंगचाच होता, दुरुस्त केला. शिबिराच्या सरकारी नोटिशींमध्ये मात्र हिंदी वळणाचा ल मुद्दाम ठेवलाय. नोटीस लांबूनच परकी दिसते.

लखलखाटाबद्दल: सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट कुठेही नाही, तपासून घेतलं. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांसाठी ट्यूब स्थिर ठेवण्याचा पर्याय सुरुवातीच्याच पडद्यावर. या जातीच्या गेममध्ये हा पर्याय मेन्यूत खोल कुठेतरी पुरलेला असतो, ते मला पटत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

डेमो बिल्ड तयार. तळमजला आणि तिसरा मजला, चार दिवस, चौथ्या पहाटेला संपतो. कोडवाल्याच्या जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला तीस फ्रेम टिकतात. रांगेच्या प्रसंगात बावीसपर्यंत उतरतात, कारण बालद्यांमधल्या पाण्यावर हिरवा उजेड पडतो आणि ते चित्रकार सोडायला तयार नाही. एकाच बालदीत खरं प्रतिबिंब ठेवून बाकीच्यांत चित्र चिकटवायचं असं ठरतंय. कुठल्या बालदीत, यावर तिचं आणि त्याचं अजून सुरू आहे.

आवाजवाला मालवणी म्हातारीसाठी नवा आवाज शोधतोय. आहे तो छान आहे पण फार गोड, रेडिओवरच्यासारखा. काकींना विचारून बघ असं मी सुचवलं. त्या साताऱ्याकडच्या, मालवणी जमणार नाही म्हणाल्या. पण रांगेत भांडणाऱ्या बाईचं काम असेल तर करते. तसं काम नव्हतं. लिहायला घेतलंय.